वरच्या आळीचा शेवटचा नळ

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. खाली गावठाण, त्याच्या वर दोन वाड्या आणि त्याही वर धनगरवाडा. तरणी माणसं मुंबईला. गावात म्हातारी माणसं, बायका आणि शाळेची पोरं.

मी ग्रामपंचायतीत निवडून आले आणि महिला सदस्य म्हणून ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यानंतर अशा समित्या गावोगावी झाल्या. वर्षाला साधारण 10 हजार रुपये येतात. खात्यावर माझी आणि अंगणवाडीताईंची सही लागते.

पहिला आराखडा आम्ही पंचायतीच्या कार्यालयात बसून केला. सरपंच, भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई आणि मी. तासाभरात झाला. गटारं उपसणं, धूरफवारणी, अंगणवाडीला वजनकाटा, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर. मागच्या वर्षीची यादी समोर होती, तीच थोडीफार बदलली. कोणी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही. सिस्टरांकडे बरीच गावं, भाऊसाहेबांकडे आणखी एक ग्रामपंचायत. सगळ्यांना पुढे कुठेतरी जायचं होतं.

जुलैत वरच्या आळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी पोरं, मग म्हातारी माणसं, मग घराआड एक जण आजारी. आशाताई भर पावसात क्षारसंजीवनीची पाकिटं घेऊन दारोदार फिरत होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राची गाडी आली, शाळेच्या व्हरांड्यात सलाईन लावली. माझ्या चुलत सासूबाईंना कराडला हलवावं लागलं. गाडीत मी त्यांचा हात धरून बसले होते. हात गार पडला होता. मी वाटेत काही बोलले नाही, पण फार घाबरले होते. त्या बऱ्या होऊन घरी आल्या.

नंतर पंचायतीत वही काढली तर पाण्याची ओ.टी. टेस्ट रोजची, आणि रोज ठीक. मग माणसं आजारी कशी पडली? आरोग्यसेवक म्हणाले, “ताई, टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळाला होते. चला, शेवटच्या नळाला करून बघू.”

आम्ही वरच्या आळीच्या टोकाला गेलो. त्यांनी काचेच्या नळीत पाणी धरलं, वरून औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळी उजेडाकडे धरून आम्ही दोघं बघत राहिलो. पाणी होतं तसंच राहिलं.

तिथून टाकीजवळच्या खोलीत गेलो. टीसीएलचं पोतं ओल्या भिंतीला टेकवलेलं, तोंड उघडं. पावडरीची ढेकळं झाली होती. नाकाला झोंबणारा वास येतच नव्हता. ओल लागली की त्यातला क्लोरीन निघून जातो, हे मला तेव्हा समजलं. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. क्लोरीन 20 टक्क्यांच्याही खाली निघाला. एवढ्यावर ती पावडर बाद धरतात. नवं पोतं आणलं, पण शेवटच्या नळाला रंग तरीही फिकाच यायचा.

त्याचं कारण एका वहिनींनी सांगितलं. त्या शेवटच्या नळावर पाणी भरतात. म्हणाल्या, “लाईट गेली की आमचा नळ उलटी हवा ओढतो. हात लावला तर कळतं. लय दिवसांचं आहे हे.” म्हणजे मोटार बंद पडली, पाइप रिकामा झाला की तो बाहेरचं आत ओढून घेत होता. पाइपमागे चालत गेलो तर एक सांधा थेट गटारात बुडालेला, वर गवत माजलेलं. आळीतल्या सगळ्या बायकांना नळाची ही खोड माहीत होती. त्यांना विचारणारं कोणी आलं नव्हतं.

पुढची बैठक आम्ही देवळात घेतली, रात्रीची जेवणं झाल्यावर. लावणीचे दिवस होते, बायकांना दुसरी वेळच नव्हती. आशाताईंनी घरोघरी सांगितलं. बचत गटाच्या बायका आल्या, शाळेचे गुरुजी आले, धनगरवाड्यावरचे एक मामा कंदील घेऊन उतरले. पाणी सोडणाऱ्या आप्पांना मी स्वतः बोलवायला गेले होते. टाकीत पावडर टाकायचं कामही त्यांच्याकडेच. ते दारात बसले, आत येईनात. बऱ्याच वेळाने बोलले. मानधन कित्येक महिने थकलेलं. पावडर किती टाकायची ते कोणीतरी एकदा तोंडी सांगितलेलं. पावडर टाकून अर्धा तास थांबून पाणी सोडायचं असतं. पण लाईटचा भरवसा नाही, लोक ओरडतात, म्हणून ते लगेच व्हॉल्व्ह खोलायचे. पंचायतीने त्यांना बैठकीला कधीच बोलावलं नव्हतं. मला ते ऐकताना वाईट वाटलं. सगळ्या गावाची तब्येत ज्या माणसाच्या हातात, त्याचं नाव आमच्या आराखड्यात कुठेच नव्हतं.

दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, हे कोडं त्याच बैठकीत सुटलं. भाऊसाहेब आणि सिस्टर आपापल्या याद्या घेऊन पहिल्यांदा शेजारी बसले. डासांच्या औषधाला दोघांच्याही यादीत पैसे, सांध्याला कोणाच्याच नाहीत. मग वाटणी केली. पावडरीसाठी झाकणाचं पिंप, माप आणि सांध्याची तात्पुरती दुरुस्ती समितीच्या निधीतून. पाइप गटाराबाहेर काढून नवा टाकणं पंधराव्या वित्त आयोगातून. त्या निधीचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेलाच होता, पण काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात नसेल तर एक रुपया खर्च करता येत नाही. ज्यांच्या गावात असं काम अजून व्हायचं असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आराखड्याच्या ग्रामसभा 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात, आणि तेव्हा काम राहिलं तर बहुतेक वर्ष जातं.

आमचंही जाता जाता राहिलं. ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब झाली. पण त्याआधीच्या महिला सभेत बायकांनी पाइपचा ठराव घेतला होता. तहकूब सभेत तो वाचून दाखवला आणि आराखड्यात घातला. त्याच महिन्यात पाणी गुणवत्तेच्या सर्वेक्षणात आमच्या पंचायतीला लाल कार्ड मिळालं. सरपंचांना ते फार लागलं. मला मात्र त्याचा आधार वाटला. लाल कार्ड असलं की पंचायत समितीत आपलं म्हणणं ऐकून घेतात.

सगळ्यात अवघड गेलं ते एका घराशी. नवा पाइप न्यायचा तर त्यांची मोरी हलवावी लागत होती. त्यांची आणि आमची भावकी, जुनं वैर. मी गेले असते तर काम तिथेच अडलं असतं. बचत गटाच्या अध्यक्ष गेल्या, दोन-तीनदा गेल्या, त्या घरच्या सुनेला घेऊन गटारातला सांधा दाखवला. तिचं पोर जुलैत सलाईनवर होतं. सासऱ्यांना तिनेच तयार केलं.

पाइप पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पडला. टेस्ट आता रोज शेवटच्या नळाला होते, आणि वहीत आळीतल्या एका बाईची सही असते. त्या पावसाळ्यात वरच्या आळीत साथ आली नाही. ऑक्टोबरमध्ये हिरवं कार्ड मिळालं.

देवळातली बैठक चालू राहिली. दर महिन्याला वही वाचतो: काम काय, कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कुठून. ज्याचं नाव आहे त्याने उठून सांगायचं. पहिल्या बैठकांना लोक लाजत होते, आता पुढच्याचं काम मागच्याला पाठ असतं. याच बैठकीत एका आजींनी विषय काढला की बीपीच्या गोळ्या संपल्या की पोरं मुंबईहून येईपर्यंत गोळ्यांविनाच राहावं लागतं. उपकेंद्र लांब, गुडघे चालू देत नाहीत. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम म्हणाल्या, सगळे एका ठिकाणी येतील असा दिवस सांगा. बायकांनी एकादशी सांगितली. त्या दिवशी भजनाला सगळी म्हातारी माणसं देवळात असतातच. आता एकादशीला भजनाआधी बीपी मोजतात, महिन्याच्या गोळ्या देतात. जे आले नाहीत त्यांच्या घरी आशाताई दुसऱ्या दिवशी जातात. एक आजोबा घरात पडून होते, ते असेच वेळेवर कळले.

आप्पांचं थकलेलं मानधन दोन हप्त्यांत दिलं, पुढचं अजून मागेपुढे होतं. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल झाली तर मानधन, असं ते गणित आहे, आणि निम्मी घरं मुंबईला कुलूप लावून गेलेली. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाला आम्ही पत्र लिहिलंय. धनगरवाड्याचा झरा एप्रिलमध्ये आटतो, मामा दर बैठकीला तेच सांगतात. झऱ्याला बंदिस्त टाकी बांधायचं काम यंदाच्या आराखड्यात घेतलं आहे. जागा वनखात्याच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे मोजणी करून परवानगी घ्यावी लागेल. मोजणीचा अर्ज भाऊसाहेबांच्या नावावर आहे, पाठपुरावा माझ्या.