नागराजचे आईबाप

नागराजला आईबाप मिळाले, हे मला कधीच पटलं नाही. 1986 साली राज कॉमिक्सने त्याला पहिल्यांदा छापलं तेव्हा त्याचं या जगात कोणी नव्हतं. प्रोफेसर नागमणीने त्याला शस्त्र म्हणून तयार केलं होतं आणि दहशतवाद्यांना भाड्याने देण्यासाठी बाजारात मांडलं होतं. त्याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवलेली होती. हुकूम मालकाचा, हात नागराजचे. पहिल्याच कामगिरीवर देवळातली सोन्याची मूर्ती पळवायला तो गेला आणि तिथे बाबा गोरखनाथ आडवे आले. त्यांच्या काळ्या मुंगसापुढे त्याचं काही चाललं नाही. गोरखनाथांनी त्याचं मन वाचलं, ती कॅप्सूल काढून टाकली, आणि भाड्याचं शस्त्र स्वतःच्या मर्जीने गुन्हेगारांविरुद्ध उभं राहिलं. चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. अमर चित्रकथेसाठी पुराणातले देव आणि इतिहासातले राजे रेखाटून तयार झालेला तो हात. अंगावर हिरवे खवले, मनगटातून सळसळत सुटणारे साप, असलं सगळं असूनही मुळीकांच्या नागराजच्या उभं राहण्यात देवळाच्या भिंतीवरच्या मूर्तीचा डौल आहे. पुढे 1990च्या दशकात तो अनुपम सिन्हा यांच्या हाती आला आणि ‘खजाना’ मालिकेत कळलं, की हा तर राजा तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा. शस्त्राचा राजपुत्र झाला.

रायपूरच्या तात्यापारा, बूढापाऱ्यातल्या मराठी घरांत ‘चांदोबा’ मराठीतून यायचा आणि नागराज हिंदीतून, स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून नाहीतर गल्लीतल्या भाड्याच्या दुकानातून. यातल्या कित्येक घरांत नवनाथांची पोथीही वाचली जायची, आणि त्या पोथीतला गोरख कसा जन्मतो ते आठवून पाहावं. मच्छिंद्रनाथांनी एका बाईला पुत्रप्राप्तीसाठी भस्म दिलं, तिने ते उकिरड्यावर टाकलं, आणि बारा वर्षांनी नाथ परत आले तेव्हा त्या उकिरड्यातून गोरख बाहेर आला. म्हणजे ज्याने नागराजला सोडवलं, त्यालाही कूळ नव्हतंच. आईच्या पोटी न आलेल्या गुरूने प्रयोगशाळेत बनलेल्या शिष्याला माणसांत आणलं, ही जोडी किती नेमकी जमली होती! राजघराण्याचं रक्त अंगात असल्याचं कळलं आणि त्या सुटकेची किंमतच उतरली. आता तो चांगला होता, कारण तो मुळातच थोर कुळातला होता. आधी तो चांगला झाला होता.

नायक वर्षानुवर्षं चालला तर बदलावा की नाही, या वादात माझं म्हणणं असं, की बदलावा, जरूर बदलावा, पण पुढे बदलावा. त्याच्या आयुष्यात नवं काही घडावं, त्याची किंमत त्याला मोजावी लागावी आणि जे घडलं ते पुसता येऊ नये. मागे जाऊन त्याचा जन्म, त्याचं मूळ, त्याचा भूतकाळ दुरुस्त करणं हा बदल नव्हे, ती खाडाखोड आहे. ली फॉक यांचा वेताळ 1936 पासून चालला. इंद्रजाल कॉमिक्समुळे 1964 पासून तो आपल्याकडेही आला आणि मराठीतूनही वाचला गेला. प्रेयसी डायनाला त्याने चाळीस वर्षं ताटकळत ठेवलं, पण 1977 साली लग्न केलं, 1979 साली जुळी मुलं झाली, आणि तो संसार फॉक यांनी कधी मागे घेतला नाही. कवटीच्या गुहेत पाळणा हलला म्हणून जंगलातल्या लोकांचा वेताळावरचा विश्वास कमी झाला नाही. उलट तो एकविसावा वेताळ आहे आणि बाविसावा आता पाळण्यात आहे, हे वाचकाला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. याच्या उलट स्पायडरमॅन. 1987 साली त्याचं लग्न लावलं आणि 2007 साली एका सैतानाशी सौदा करवून ते झालंच नव्हतं असं ठरवलं. वीस वर्षांचा संसार एका कथेत नाहीसा. सुपरमॅनला 1992 साली मारलं, लोकांनी रांगा लावून तो अंक विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. मृत्यूसुद्धा मागे घेता येतो हे एकदा वाचकाला कळलं, की त्यानंतरच्या कुठल्याही संकटात त्याचा जीव अडकत नाही.

छत्तीसगडात राहून हा वाद घालणाऱ्याला पंडवानी, म्हणजे महाभारत गाऊन सांगायची इथली लोककला, टाळून चालणार नाही, कारण इथला सर्वांत जुना आणि अजूनही चालू असलेला महानायक भीम आहे. पंडवानी पांडवांची, पण गाणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा जीव भीमसेनावर. दोन रीती. वेदमतीत गाणारा गुडघ्यांवर बसून सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतल्या महाभारताला धरून गातो. झाडूराम देवांगन, पूनाराम निषाद ही त्यातली मोठी नावं. कापालिकात गाणारा उभा राहतो, फिरतो, प्रसंग वठवतो, मनाने भर घालतो. बायकांनी गायचं तर बसूनच गायचं, असा रिवाज होता. दुर्ग जिल्ह्यातल्या गनियारी गावच्या पारधी समाजातल्या तीजनबाईंनी आजोबा ब्रजलाल यांच्या तोंडून महाभारत ऐकून ते पाठ केलं आणि तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात दहा रुपये बिदागीवर पहिल्यांदा गायल्या, तेही कापालिक रीतीने, उभं राहून. जातीने त्यांना वाळीत टाकलं. पुढे रायपूरच्याच रंगकर्मी हबीब तनवीरांची नजर त्यांच्यावर गेली, 1988 साली श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेतून त्या देशाच्या घराघरांत पोचल्या, 2019 साली पद्मविभूषण मिळालं. हे सगळं बाईंच्या आयुष्यातलं, पण भीमाच्याही आयुष्यातलं आहे असं मी मानतो. चंद्रखुरीच्या त्या रात्री शेकडो वर्षांच्या या नायकाचं अंग बदललं. एका पोरीच्या खांद्यांनी त्याने गदा उचलली, तिच्या आवाजाने तो गरजला. महाभारतातलं एक अक्षर मागे जाऊन बदलावं लागलं नाही.

तीजनबाईंच्या हातातल्या तंबोऱ्याकडे नीट पाहावं. मोरपिसांनी सजवलेला, एका हाताने सहज फिरवता यावा एवढा, आणि दुसऱ्या हातात करताल. भीम दुःशासनावर चालून जातो तेव्हा तंबोरा खांद्यावर येतो आणि ती गदा असते. झटापट होते, तंबोरा आडवा धरून दोन्ही हातांनी पिळला जातो, आणि तो दुःशासनाचा बाहू होतो, खांद्यापासून उपटला जाणारा. क्षणभरात तोच द्रौपदीचा मोकळा केशसंभार होतो. मग बाई थांबतात, पदर सारखा करतात, तंबोऱ्याची तार छेडतात, आणि तो पुन्हा नुसता तंबोरा. शेजारी बसलेला साथीदार, म्हणजे रागी, ‘हव’ म्हणत हुंकार देतो, मध्येच समोर बसलेल्यांच्या मनातली शंका विचारतो, आणि त्या शंकेला उत्तर देताना आजचा बाजार, आजचं सरकार, गावातली सासू, सगळं कथेत शिरतं. श्रोत्यांपैकी एकालाही दुःशासनाचं काय होणार याची उत्सुकता नसते. ते ठरलेलं आहे. सुपरमॅनच्या मृत्यूला जे साधलं नाही ते इथे दर प्रयोगात साधतं. शेवट माहीत असलेल्या माणसाचा ऊर धपापतो, कारण हा शेवट मागे घेतला जाणार नाही याची त्याला खात्री आहे.

आणि भीम बदलतो. एवढं बदलणारा दुसरा महानायक शोधून सापडणार नाही. दुर्योधनाने विष घालून पाण्यात लोटलेला पोरगा नागलोकात पोचतो आणि नागांचा रस पिऊन दहा हजार हत्तींचं बळ घेऊन वर येतो. नागराजच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. मग हिडिंबेचा नवरा, घटोत्कचाचा बाप. मग विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन दुसऱ्यांच्या पंगती वाढणारा, ज्याला स्वतःची भूक आवरत नव्हती असा माणूस. मग पोटचा मुलगा युद्धात गमावलेला बाप. शेवटी हिमालयाच्या वाटेवर कोसळलेला म्हातारा, ज्याला थोरला भाऊ मागे वळूनही न पाहता सांगतो, की तू फार खाल्लंस आणि बळाचा फार गर्व केलास. एका रात्री एकच प्रसंग गायला जातो, पण तरुण भीमाच्या प्रत्येक प्रसंगामागे ऐकणाऱ्याला तो कोसळलेला म्हातारा माहीत असतो. कॉमिक्सच्या नायकाला पन्नास वर्षं तिशीत ठेवणाऱ्यांनी त्याच्याकडून हीच गोष्ट काढून घेतली आहे.

यावर पहिला आक्षेप महाभारतातूनच येतो, आणि तो हलका नाही. कर्णाचं काय? सूताचा मुलगा अखेरीस राजपुत्र निघतो, हीच तर नागराजची गोष्ट. पण व्यासांनी ते गुपित वाचकापासून कधी लपवलं नाही. आदिपर्वापासून ते आपल्याला ठाऊक आहे, ठाऊक नाही ते कर्णाला. आणि कळतं तेव्हा त्याला काय मिळतं? कृष्ण राज्य देऊ करतो, कुंती मुलगा म्हणून हाक मारते, आणि कर्ण दोन्ही नाकारून दुर्योधनाकडे, म्हणजे मरणाकडे जातो. जन्माचं रहस्य त्याला काही देत नाही, त्याच्याकडून मागतं. नागराजला जन्माच्या रहस्याने वंश दिला, खजिना दिला आणि त्याच्याकडून फारसं काही मागितलं नाही. अनुपम सिन्हांची थोरवी मी नाकारत नाही. 1987 साली त्यांनी घडवलेला सुपर कमांडो ध्रुव, सर्कशीच्या आगीत आईबाप गमावलेला आणि अंगी कुठलीही अलौकिक शक्ती नसलेला पोरगा, हा मला हिंदी कॉमिक्समधला सर्वांत सच्चा नायक वाटतो. त्यांचाच नागराज जास्त आवडणारे वाचकही पुष्कळ आहेत. त्यांना त्या कथांतली चित्रांची झेप आणि कथानकाचा पसारा आवडतो, आणि त्यात ते चूक नाहीत. माझी तक्रार एवढ्या एका पानापुरतीच आहे.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूचा. लहान वाचकाला रोज तोच गडी हवा असतो. त्याला म्हातारपण कशाला दाखवायचं? चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रपट्टीतला चिंटू 1991 पासून मोठा झाला नाही, आणि त्याने होऊही नये. पण चिंटूची गोष्ट एका दिवसाची असते. त्याने कसली शपथ घेतलेली नाही, त्याला कुणाचा सूड घ्यायचा नाही. ज्या नायकाच्या पाठीशी जखम आहे आणि पुढे ध्येय आहे, त्याला काळ लागतोच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोन्हींच्या मध्ये उभा आहे. फुरसुंगीचा बनेश, विद्याभवनातला विद्यार्थी, तोंडात ‘ट्टॉक’. 2017 च्या चित्रपटात आदित्य सरपोतदारांनी त्याला मोठा केला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आणला आणि भागवतांनाही कथेत बसवलं. पुस्तकातला शाळकरी बनेश त्यामुळे खोटा पडला नाही. त्याचं बालपण जागच्या जागी राहिलं, पुढची पानं जोडली गेली.

तिसरा आक्षेप मात्र मला अडवतो. भीम कुणाच्या मालकीचा नाही, नागराज आणि सुपरमॅन कंपन्यांचे आहेत. मालक आपला नायक म्हातारा कसा होऊ देईल? खेळणी, टीशर्ट, सिनेमे, सगळं त्या तिशीतल्या चेहऱ्यावर उभं आहे. हे खरं आहे, आणि म्हणूनच कंपन्यांना खाडाखोड सोयीची पडते. चेहरा तसाच राहतो आणि बातमीही होते. पण फॉक यांचा वेताळही एका सिंडिकेटच्याच मालकीचा होता, तरी त्यांनी त्याला बाप केलं आणि चित्रकथा चालू राहिली. पंडवानीत गाणारी चुकली तर रागी तिथल्या तिथे टोकतो आणि श्रोते मान हलवतात. कॉमिक्सच्या वाचकाला तसा रागी व्हायचा हक्क आहे, आणि त्याने तो बजावावा. आवडत्या नायकाचं मूळ बदललं तर अंक खाली ठेवावा.

भीमाचं तर लग्नही एकदाच झालेलं नाही. बस्तरात ज्येष्ठात भीमा जतरा भरते. हा भीमा पावसाचा देव, आणि त्याचं लग्न लावतात धरतीशी, म्हणजे पाऊस चांगला पडेल. हा महाभारतातलाच भीम की त्याच्याही आधीचा कुणी गोंडांचा देव, ज्याने पुढे महाभारतातल्या भीमाला आपलं अंग दिलं, यावर अभ्यासकांनी वाद घालावेत. बस्तरात तो मेघांचा धनी आहे आणि दुर्गच्या मांडवात दुःशासनाचा काळ, आणि दोन्हीकडे ज्येष्ठातल्या कोरड्या आभाळाखाली लोक त्याच्याकडे हक्काने मागतात. हिडिंबा किंवा द्रौपदी यांपैकी कुणाचं लग्न त्यासाठी मोडावं लागत नाही.