मी जाते, बाळ जातंय

आमच्या घरी सध्या एक व्याकरणकार मुक्कामाला आहेत. वय तीन वर्षांना दोन महिने कमी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, पण ते बिचारे भाषा जशी आहे तशी मांडत होते. आमच्या चिरंजीवांना अपवाद अजिबात मान्य नाहीत.

धरली, भरली, चिरली, तर मग 'करली'! "आई, मी शू करली!" ही घोषणा दिवसातून चार-पाच वेळा होते. मोरीत उताणं पडलेलं झुरळ दाखवून "हे मरलं". अगं बाई, मेलं म्हणायचं. तर माझ्याकडे असा कटाक्ष, की यांना काहीच येत नाही.

गंमत म्हणजे हे 'करली' घरात कुणीच म्हणत नाही. म्हणजे त्याने ते ऐकलेलं नाही, नियम स्वतःच काढलाय. १९५८ साली जीन बर्को नावाच्या अमेरिकन बाईंनी लहान मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं, त्याला नाव दिलं 'वग', आणि विचारलं, असे दोन असले तर? मुलं म्हणाली, वग्ज. जगात नसलेल्या शब्दाचं अनेकवचन! पाठांतराने हे कसं येणार? हे वाचल्यापासून मी टोकणं सोडलं. "हो का, शू केली का?" एवढंच म्हणते आणि चड्डी बदलते.

पर्वतीवर गेलो होतो तेव्हा पायऱ्या मोजणं चालू होतं. अठरा, एकोणीस, वीस... आणि मग न अडखळता "वीस-एक, वीस-दोन, वीस-तीन". मला एकदम २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात असं वाचन आलं होतं आणि उभ्या महाराष्ट्राने केवढी थट्टा केली होती! मीही चार विनोद पुढे पाठवले होते म्हणा. मंगला नारळीकर तेव्हा समजावून सांगत होत्या, की 'सत्तावीस' बोलताना सात आधी येतात आणि लिहिताना वीस आधी, मुलं तिथे गोंधळतात. कानडीत सरळ वीस-एक असंच म्हणतात. आता आमचं पोर पर्वतीच्या पायरीवर बसून तेच सांगत होतं, आणि मागून चढणारे आजोबा "एकवीस रे बाळा, एकवीस" म्हणत पुढे गेले.

असो. खरी गोष्ट वेगळीच सांगायची आहे.

दिवसभर हा माझ्याकडे आणि आजीकडे. बाबा घरी येतो साडेआठला, तोवर डोळ्यांवर झोप. त्यामुळे साहेब बोलायचे आमच्यासारखं. "मी येते", "मी खाते", "मी नाही झोपणार जा, मी दमले नाही". मराठीत 'मी' म्हटलं की लगेच क्रियापदात कळतं बोलणारा कोण ते. बंगालीत, कानडीत ही भानगडच नाही.

मागच्या महिन्यात घरात एक बारसं होतं. निघताना याने शहाण्यासारखं सगळ्यांना सांगितलं, "मी जाते हं!" एक काकू (नाव लिहीत नाही, सगळे वाचतात) मोठ्याने म्हणाल्या, "जाते काय? मुलगी आहेस का तू? फ्रॉक आणू का?" सगळा हॉल हसला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, माहितीये मला. पण त्याने माझ्या ओढणीत तोंड खुपसलं ते रिक्षा सिंहगड रोडला लागली तरी काढलं नाही.

दोन दिवस पोर जवळजवळ गप्प. हवं ते बोटाने दाखवायचं. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला, पण कसं? "बाळ येतंय." "बाळ खातंय." वर्षभरापूर्वी सोडून दिलेलं 'बाळ' परत आलं! जातो की जाते हे ठरवायचीच वेळ नको, नपुंसकलिंगात कुणी हसत नाही. आजी म्हणाली, "बघ, किती गोड बोलतोय." मला मात्र ते 'येतंय' ऐकून पोटात तुटायचं.

आणि हसायचं तरी कशाला? माझी कॉलेजातली कोल्हापूरची मैत्रीण अजून फोनवर "चल, मी ठेवतो, जातो आता" म्हणते. तिकडे मुली सर्रास असं बोलतात. हॉस्टेलवर आम्ही पुणेकरणींनी तिची चेष्टा करून बघितली, तिने एका अक्षराने भाषा बदलली नाही. पण ती अठरा वर्षांची होती.

शेवटी नवऱ्याने काम हातात घेतलं. लवकर निघायला लागला, आणि दारातूनच धावतं समालोचन सुरू. "मी आलो! मी बूट काढतो! मी हात धुतो! मी पोहे खातो!" शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना? चिरंजीव आधी लांबून बघायचे. मग बाथरूमच्या दारात उभे राहायला लागले. मग एक दिवस नळाखाली चार हात आणि आतून आवाज, "मी पण धुतो!"

गेल्या आठवड्यापासून 'बाळ' बंद आहे. काल मी भाजी आणायला निघाले, पिशवी घेतली आणि म्हटलं, "चला, मी जाते."

"आई," व्याकरणकारांनी मान हलवली, "जाते नाही म्हणायचं. जातो म्हण!"