टिबेरियसचा दिनार

खापा, रविवार. दुपारी कन्हान नदीवरून गरम वारा येत होता, म्हणून दार लावून भिंग काढलं. समोर चांदीचा रोमन दिनार: एका बाजूला सम्राट टिबेरियस, दुसरीकडे बसलेली स्त्री, बहुधा त्याची आई लिव्हिया. दक्षिण भारतात अशी नाणी ढिगांनी सापडली, म्हणूनच नकलाही याच्याच फार.

मी आधी चेहरा बघतच नाही, कड बघतो. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेभोवती बारीक शिवण असते आणि अक्षरांच्या खाचांत हवेचे इवले खड्डे. ठोकलेल्या नाण्यात धातू बाहेर पसरलेला दिसतो. मग सराफी काटा: वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास हवं. पण एकटं वजन पुरावा नव्हे. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी खुद्द रोमन काळातही चालत.

नकलेचा मला सरसकट राग नाही. तेर या गावी रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं मिळाली. कुणीतरी ती हौसेनं गळ्यात घातली असतील. त्यांत फसवणूक नव्हती. आजच्या नकलांवर मात्र मुद्दाम हिरवा गंज चढवतात, आणि तो मला खरंच सहन होत नाही.

विकणाऱ्याला मी नाणं कुठलं, हे आधी विचारतो. शेतात सापडलेलं धन १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तिथं उत्तर अडखळलं, की नाणं अस्सल असलं तरी मी घेत नाही.