न दुमडलेली कड

शिवणकामात शिलाईसाठी कापडाच्या कडेला जे जादा कापड सोडतात, त्याला आपण 'माया' म्हणतो. ममता, संपत्ती, भ्रम असे अर्थ वाहणाऱ्या या शब्दाला घरोघरच्या शिवणाऱ्या हातांनी हा आणखी एक, जेमतेम पाव इंचाचा अर्थ दिला. एका शब्दाचे अनेक अर्थ शिकवताना हे उदाहरण मी वर्गात कितीदा तरी दिले असेल. त्याचा खरा विचार मात्र गेल्या पावसाळ्यात, आईजवळ बसून दुपट्यासाठी कापडाचा मोर तयार करताना घडला.

दुपटे जुन्या सुती पातळांचे होते आणि भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी होते. त्यावर एकाच तुकड्याचे पान किंवा चांदणी लावणे सोपे असते. आमचा मोर अकरा तुकड्यांचा होता: पिसाऱ्याच्या पाच पाकळ्या, दोन पाय, तुरा, चोच, अंग आणि पंख. असे आकार थेट दुपट्यावर शिवू नयेत. आधी कागदावर पूर्ण चित्र काढावे, कोणता तुकडा तळाशी व कोणता वर हे ठरवून प्रत्येकाला क्रमांक द्यावा. मग जाड कागदाचे साचे कापावेत. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम. कापड साच्याहून पाव इंच मोठे घ्यावे, मायेत धावदोरा घालून ते साच्याभोवती ओढावे, खळ लावून इस्त्री फिरवावी आणि साचा काढून घ्यावा. जिथे आकार आत वळतो तिथे मायेला कात्रीने बारीक छेद द्यावे लागतात, नाहीतर कापड ताणते. फिकट कापडाखाली गडद कापडाची माया येत असेल, तर ती छाटून अरुंद करावी. एरवी वरून तिची सावली दिसते.

परंतु या कामातले मर्म दुमडण्यात नाही, कुठे दुमडायचे नाही हे ओळखण्यात आहे. पाकळीचे जे टोक अंगाखाली जाणार, ते तसेच उघडे ठेवायचे. तेही दुमडले तर जोडावर कापडाचे थर साचतात आणि मोराच्या पाठीला गाठ आल्यासारखी दिसते. सुटी पाहिली तर ती पाकळी अर्धवट वाटते, दोरे सुटलेली. ती एकटी राहण्यासाठी केलेलीच नसते. व्याकरणाचा घटक वाचलेल्या विद्यार्थ्यांना इथे सामान्यरूप आठवेल. 'घोडा' हा शब्द स्वतःच्या पायावर उभा राहतो; 'घोड्याला' या रूपातले 'घोड्या' मात्र पुढच्या प्रत्ययाची वाट पाहत असते. (उपमा फार ताणू नये. कापडाला विभक्ती नसते.)

दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला. उजव्या हाताची बोटे पुरती वळत नाहीत आणि वस्तूंची नावे गेली. कात्री म्हणजे 'ते कापायचं', सुई म्हणजे 'ते टोचायचं'. रोमान याकोब्सन यांनी 1956 साली वाचाघाताचे दोन प्रकार सांगितले: एकात शब्दांची निवड बिघडते, दुसऱ्यात त्यांची जोडणी. पहिल्या प्रकारचा रुग्ण नावाऐवजी वस्तूचा उपयोग सांगतो. हे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले. आईने माझ्याकडे पाहून, माझे नाव शोधत, 'ती शिकवणारी' म्हटले, तेव्हा त्या ज्ञानाचा मला काडीइतकाही आधार झाला नाही.

मोराचे तुकडे तिच्यापुढे ठेवले तेव्हा क्रमांकाचा कागद मी मुद्दाम दूर ठेवला. तिने डाव्या हाताने आधी पाय मांडले, मग पिसारा, बाहेरची पाकळी सर्वांत खाली. चोच आणि तुरा डोक्याखाली सरकवले, वर अंग, त्यावर पंख. एका पाकळीचे उघडे टोक पुरेसे आत गेलेले नव्हते. तिने त्यावर बोट ठेवले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "माया हाय की अजून. सरकव आत." ती 'पाकळी' म्हणू शकत नव्हती. हा शब्द कसा टिकला, याचे शास्त्रीय उत्तर द्यायचा मोह मी आवरते. संध्याकाळपर्यंत तिने तो आणखी तीन वेळा उच्चारला, प्रत्येक वेळी कापडाच्याच संदर्भात.

मी टाके घालून मोर जोडला. साऱ्या भागांची मिळून एकच चकती झाली, हातावर उचलता येईल अशी. आता ती दुपट्यावर ठेवून भोवताली बारीक टाक्यांनी शिवायची होती. डोळा राहिला होता. बटण नको, तान्हे मूल तोंडात घालील, म्हणून दोऱ्याच्या गाठीचा करायचे ठरले. दोऱ्यांचा डबा आईपुढे ठेवला. मला काळा हवा होता. तिने बराच वेळ चाळून गडद तपकिरी उचलला आणि डबा बंद केला.