पाचूतलं तेल

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या लगेच खाली मी सोडाल्याच्या बाऊजींना ठेवलं आहे. 'हे कुठल्या संस्थेत असतात?' असं व्हायव्हात विचारलं गेलं. जयपूरच्या घाटगेटला पाचू घासण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते माझे घरमालक, असं मी सांगितलं.

कोल्हापूरहून आलेल्या मला त्यांनी अजमेर रोडमागच्या गल्लीतली वरची खोली दिली. पुढे फेलोशिप अडकली, तेव्हा त्यांनी भाड्याचा विषयच काढला नाही. 'बेटा, पैसा आ जाएगा, पढ़ाई मत रोकना,' एवढंच म्हणाले. रात्री आंटींच्या हातची गट्ट्यांची भाजी वर येत राहिली. हे फेडता येईल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

माझं काम सिझियम लेड ब्रोमाइडच्या नॅनोस्फटिकांवर होतं. हे पेरोव्स्काइट कुळातलं अर्धवाहक; अतिनील दिव्याखाली त्याची बाटली झगझगीत हिरवी उजळते. 2015 मध्ये झुरिकला कोवालेन्को यांच्या आणि आपल्या पुण्यात आयसरला अंशुमन नाग यांच्या गटाने हे कण किती तेजस्वी आहेत ते दाखवलं. शोषलेल्या 100 फोटॉनांमागे 90च्या आसपास प्रकाश होऊनच बाहेर पडतात! एलईडीला आणखी काय हवं? पण हे कण द्रावणात टिकतात ते ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइनच्या तेलकट आवरणामुळे, आणि तेच आवरण वीज अडवतं. म्हणून कण धुवायचे. धुताना आवरणासोबत पृष्ठभागावरचं ब्रोमाइडही सुटतं, रिकाम्या जागांत इलेक्ट्रॉन अडकतात, त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते आणि हिरवा उजेड मंदावतो.

दिवाळीला आई आली. तिची पाचूची अंगठी बाऊजींनी भिंगाखाली धरली आणि म्हणाले, बहनजी, ही गरम साबणाच्या पाण्यात कधी धुऊ नका. पाचूत चिरा असायच्याच. वरपर्यंत आलेल्या चिरांत तेल भरलेलं असतं, म्हणून उजेड आरपार जातो. तेल गेलं की चिरा दिसू लागतात. हल्ली राळ भरतात, ती जास्त टिकते. पण दगडाच्याच जातीचं काही भरता आलं असतं तर!

त्या शेवटच्या वाक्यानं माझा प्रश्न फिरला. आवरण किती काढायचं यापेक्षा त्याच्या जागी काय बसवायचं? डायडोडेसिलडायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड, आम्ही त्याला डीडीएबी म्हणतो, जगात आधीच वापरात होतं. त्याच्या साखळ्या आखूड, त्यामुळे वीज कमी अडते. ते कणाला घट्ट धरतं आणि स्वतःजवळचं ब्रोमाइड देऊन रिकाम्या जागा भरतं. दगडाच्याच जातीचं! माझे एलईडी याच वाटेनं उजळले.

कणांतलं शिसं विषारी, म्हणून बाटली घरी नेता आली नाही. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बाऊजी तो पुन्हा पुन्हा पाहत राहिले, मग विचारलं, 'हा रंग किती दिवस राहील?' अगदी नेमकं विचारलं. विजेच्या दाबाखाली आतले आयन सरकत राहतात, त्यामुळे हे दिवे बाजारातल्या एलईडीइतके अजून टिकत नाहीत. आजही फोनवर ते हेच विचारतात, आणि तास थोडे जरी वाढले तरी मी त्यांना कळवते.