रुईच्या पानावर

डिसेंबर. नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ बंधाऱ्यात साचलेला गाळ आणि पाणवनस्पती, त्यावर पोसलेली ही पाणथळ जागा. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिलीच. इथे आल्यावर पुढे सरकावंसंच वाटत नाही.

थापट्या बदकांचा थवा चरत होता. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यात बुडवून ती डावीकडून उजवीकडे फिरवत राहतात. चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून पाणी निघून जातं, बारीक जीव आत राहतात. पलीकडे लडाखकडून उतरलेली चक्रवाकाची जोडी. दलदली भोवत्या खालून गेला आणि चांदव्यांची एकच पळापळ उडाली.

पक्ष्यांच्या नादात लोक बांधावरची रुई ओलांडून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. पानावर प्लेन टायगरची अळी होती: काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते. म्हणून पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. डॅनाइड एगफ्लायची मादी तर स्वतः बिनविषारी असून हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि वाचते!

तुम्ही याल तेव्हा पक्ष्यांसाठी उजाडताच या, पण लगेच परतू नका. ऊन तापलं की फुलपाखरं उडू लागतात. आणि बांध साफ करणाऱ्यांना एवढं जरूर सांगा: रुई तोडू नका.