कंपूतल्या एकोणतीस सह्या

आपल्या ग्रुपवर बाड्याच्या, दानाओलीच्या, छत्री बाजाराच्या आठवणी खूप आल्या. कंपूचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच बसले. विषय जरा हलका वाटेल. टीव्हीबद्दल लिहिणार आहे. पण शेवटपर्यंत वाचा, एक काम पण सांगायचं आहे.

आधी नावाचं. पुण्या-मुंबईत 'कंपू' म्हटलं की लोकांना टोळकं आठवतं. मी माहेर कंपूचं सांगितलं की सासरकडचे पाहुणे हसायचे. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणायचे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! दौलतरावांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ दिला, त्या तळाचंच लष्कर शहर झालं आणि आमचा मोहल्ला कंपू. आता रिक्षावाल्याला जयारोग्य हॉस्पिटल सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. माझी आजी इथलीच, तिची आईसुद्धा इथलीच. महाराष्ट्र तिने दोनदाच पाहिला, एकदा पंढरपूर आणि एकदा आत्याच्या लग्नाला ठाणे.

आमच्याकडे टीव्ही आला १९८६ साली. 'बुनियाद' चालू होतं. खोक्याला शटर होतं आणि आजीने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. आपल्याकडे दिसायचं ते दिल्लीचं दूरदर्शन. मुंबई केंद्र १९७२ पासून मराठी कार्यक्रम दाखवत होतं, पण ते आमच्यापर्यंत यायचं नाही. मे महिन्यात ठाण्याला आत्याकडे गेलो की 'गजरा' आणि 'चिमणराव' बघायचं आणि परत येऊन गल्लीत सांगायचं. मी दिलीप प्रभावळकरांची नक्कल करायचे आणि बघायला सगळ्या काकू जमायच्या.

तेव्हा नवे कार्यक्रम कधी येणार हे पेपरात बघावं लागायचं. दूरदर्शनवर मालिका तेरा भागांच्या हिशेबात मंजूर व्हायची. तेरा आठवडे म्हणजे बरोबर तीन महिने, वर्षाचा चौथा हिस्सा. बाबा एजी ऑफिसला होते, हिशेब त्यांच्या रक्तात. तिमाही संपत आली की ते लाल पेन घेऊन पेपर उघडायचे आणि आजीला सांगायचे, "हे संपतंय, आता हे येणार." १९८८ मध्ये 'वागळे की दुनिया' येणार म्हटल्यावर आजी खूश झाली. पहिला भाग बघून म्हणाली, "वागळे आपलेच ना? मग घरात हिंदी कशाला बोलून राहिलेत?" त्याच वर्षी श्याम बेनेगलांचं 'भारत एक खोज' आलं. त्यात शिवाजी महाराज झाले नसीरुद्दीन शाह. आमच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. तेही हिंदीतच, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

मराठीची आशा होती ती रविवारच्या दुपारची. तेव्हा प्रादेशिक भाषांतले सिनेमे आळीपाळीने दाखवायचे. आसामी झाला, बंगाली झाला, कन्नड, मल्याळम झाला, असं होत होत मराठीची पाळी यायची. बाबा आठवडाभर आधी सांगून ठेवायचे. असाच एक रविवार मला चांगला आठवतो. आजीने सकाळीच स्वयंपाक आवरला, वरण-भात-भाजी केलं, पुरणाचा घाट दुसऱ्या दिवशीवर ढकलला. समोरच्या काकू, मागच्या वाड्यातल्या दोघी, सगळ्या सतरंजीवर. सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात लाइट गेली. आपल्या ग्वाल्हेरच्या लाइटचं तुम्हाला काय सांगू! बाकी सगळ्या उठून गेल्या. आजी चार वाजेपर्यंत त्या काळ्या काचेसमोर बसून राहिली. लाइट आली तेव्हा दुसरंच काही चालू होतं. ती काही बोलली नाही, रुमाल झटकून परत घातला आणि देवाजवळ दिवा लावायला गेली.

मग केबल आली, झी आलं, स्टार आलं, सगळं हिंदी-इंग्रजी. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं. आत्या फोनवर सांगायची, "आज 'आभाळमाया'त असं झालं, 'प्रपंच'मध्ये तसं झालं." एसटीडीचं बिल वाढायला लागलं तेव्हा बाबा केबलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "अंकल, मराठी कौन देखेगा? हर चैनल का रिसीवर अलग लगता है. पच्चीस घर लाइए, लगा देंगे."

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांसमोर झालं. बाबांनी दादाची जुनी वही घेतली, वर मराठीत अर्ज लिहिला आणि खाली हिंदीत तोच. थंडीचे दिवस. संध्याकाळी ऑफिसातून आले की मफलर गुंडाळून ते आणि समोरचे काका निघायचे. घरी येऊन जेवताना आम्हाला सगळा वृत्तान्त. आम्हाला वाटत होतं कंपूतली मराठी घरं आपल्याला पाठ आहेत. पण हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक नर्सबाई निघाल्या, अकोल्याच्या, वीस वर्षं एकट्या राहत होत्या. एका वाड्यात नव्वदीचे आजोबा होते, त्यांनी मोडीत सही केली. शिंदेशाहीच्या दफ्तरात वडील होते त्यांचे. केबलवाला ती सही बघून विचारत होता, "ये क्या बनाया है?" एका अग्रवालांकडेही सही मिळाली, त्यांची सून जळगावची. सासऱ्यांनी स्वतः सांगितलं, "बहू का मन लगा रहेगा."

आणि एक घर असं होतं, आडनाव अस्सल मराठी, दारावर गणपती. आजोबांच्या काळापासून आमचं जाणं-येणं. तिथला मुलगा फार नम्रपणे बोलला. चहा पाजला. म्हणाला, "अंकल, साइन तो कर दूँ, पर हमारे यहाँ अब कोई समझता नहीं है." बाबांनी वही मिटली, म्हणाले, "मग राहू दे बेटा, खोटी सही नको." त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आईने विचारलं तर इतकंच म्हणाले, "एक घर कमी झालं."

एकूण सह्या झाल्या एकोणतीस. संक्रांतीनंतर चॅनल लागलं, अगदी शेवटच्या नंबरावर, मुंग्या-मुंग्यांचं चित्र, पण आवाज स्वच्छ. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे. तिने पहिल्यांदा आपल्या घरात बसून बाहेरच्या कुणाचं मराठी इतका वेळ ऐकलं. 'पिंपळपान'सारखं साहित्यावरचं काही असलं की बाबा पंखासुद्धा चालवू द्यायचे नाहीत, आवाज होतो म्हणून. 'नक्षत्रांचे देणे' असलं की पलीकडच्या दोन घरची मंडळी आमच्याकडे.

पण आजी ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिचं म्हणणं, "ही मुलगी 'मी तिला बोलले' काय म्हणते? 'म्हटलं' म्हणावं." आता आमच्या मराठीला तर नेहमीच नावं ठेवली गेली. आम्ही 'पंखा चालव' म्हणतो, 'झाडू लाव' म्हणतो. आत्याच्या सासरी यावरून तिची फार थट्टा झाली होती. आणि इथे आजी कंपूत बसून मुंबईच्या नट्यांची मराठी दुरुस्त करत होती! बाबांना त्याचा कोण आनंद. आजी २००४ मध्ये गेली. पुढच्या वर्षी अल्फाचं झी मराठी झालं. आमच्याकडे अजून आई 'अल्फा लाव' म्हणते.

२००८ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' आलं तेव्हा दादाची मुलगी सात वर्षांची. ती शाळेत हिंदी-इंग्रजी, वहिनी भिंडच्या, घरात मराठी फक्त आई-बाबांची. कार्तिकी आणि मुग्धा तिच्या मैत्रिणी असल्यासारखी ती बोलायची. गाणी पाठ केली, मग अर्थ विचारायला लागली. बाबांनी तिला सांगितलं की हे गाणं महाराष्ट्रात गेलं त्याची एक वाट ग्वाल्हेरवरूनच जाते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले, ख्याल घेऊन परत गेले आणि त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. तिने विचारलं, "मग टीव्हीवर हे का नाही सांगत?" बाबांकडे उत्तर नव्हतं.

माझ्याकडेही नाही. अजून दर दोन-तीन महिन्यांनी प्रोमो येतात, नवी मालिका, नवी वेळ, नवे चेहरे. मी सगळे बघते. मुंबईची चाळ असते, पुण्याचा बंगला असतो, कोल्हापूरचा वाडा, कोकणातलं घर. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, तंजावर इथलं मराठी कुटुंब कुठल्या मालिकेत मी तरी पाहिलं नाही. माहितीपटांचं तर विचारूच नका. नाहीतर विषय किती आहेत! १९६१ चं साहित्य संमेलन आपल्या ग्वाल्हेरला झालं आणि अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. भा. रा. तांबे इथेच राहिले, इथेच गेले. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, भातखंडे आणि माधवराव महाराजांनी काढलेलं. राजाभैया पूछवाले, कृष्णराव पंडित. एका मोसमाचे तेरा भाग सहज भरतील, बाबा असते तर लाल पेनने लिहूनच काढले असते.

बाबा २०१२ मध्ये गेले. दादा त्याआधी गुडगावला गेला होता. कंपूच्या घरात आता आई एकटी, खाली भाडेकरू. २०१९ च्या सुरुवातीला ट्रायचा नियम बदलला, १३० रुपये अधिक कर यात शंभर वाहिन्या आणि बाकीच्या पैसे देऊन निवडायच्या. माणूस फॉर्म घेऊन आला आणि म्हणाला, "माताजी, हिंदी का पैक ले लो, सस्ता पड़ेगा." आई म्हणाली, "पेन्शन मेरी है, मराठी पहले लिखो." २०२० च्या लॉकडाउनमध्ये शूटिंग बंद झालं, जुनेच भाग लागायला लागले, तेव्हा तिने मला फोन केला, "नवीन काही येत नाही गं. म्हणजे खरंच सगळं थांबलंय." बातम्यांवर तिचा विश्वास बसला नव्हता, मालिका थांबल्यावर बसला.

दादा दर दिवाळीला म्हणतो, घर विकू, तू इकडे ये. त्याचंही चुकत नाही. आई अठ्ठ्याहत्तरची, जिना उंच, रात्री काही झालं तर कोण? गेल्या वर्षी तो म्हणाला, "मराठी चॅनल तिथेही लावून देतो, दोन लावतो." आई म्हणाली, "अरे, टीव्ही बोलतो, ऐकत नाही. नऊ वाजता एपिसोड संपला की समोरची खिडकी उघडते आणि आम्ही दोघी त्या सासूला शिव्या घालतो. ते तिथे कोण करणार?" समोरच्या काकूंचे मिस्टर, म्हणजे सह्यांना बाबांबरोबर फिरलेले काका, ते पण आता नाहीत. दोघी खिडकीतून बोलतात, कारण जिना दोघींनाही जड जातो.

भाची आता चोवीसची. तिचं लग्न ठरलंय, मुलगा लखनऊचा. रोज रात्री आजीला फोन करते आणि आई तिला मालिकेची गोष्ट सांगते. मध्येच ती "मी त्याला बोलले" म्हणाली की आई लगेच, "म्हटलं म्हणावं." हे आजीचं वाक्य, जसंच्या तसं. मराठी तिने शाळेत शिकली नाही, घरात अर्धीमुर्धी ऐकली, बाकीची टीव्हीने दिली आणि दुरुस्ती कंपूने केली. म्हणून मला वाटतं आमच्या दादाने चॅनल लावून दिलं तरी काम अर्धंच होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी समोरची खिडकी लागते. घराचा निर्णय मात्र अजून झालेला नाही. या उन्हाळ्यात दादा येतोय, तेव्हा बोलणं होईल.

या दिवाळीत मी बाबांची वही काढली आणि तीच गल्ली-गल्ली फिरले. एकोणतीसपैकी अकरा घरांत अजून मराठी माणसं आहेत. मोडी सहीवाल्या आजोबांच्या वाड्याच्या जागी मजले उठलेत. नर्सबाई अकोल्याला परत गेल्याचं कळलं. आणि ज्या घरी सही झाली नव्हती, तिथल्या नातीने मला आत बोलावलं. ती आईबरोबर मोबाइलवर 'हास्यजत्रा' बघते म्हणाली, खाली हिंदीत लिहून येतं ते वाचत. मी वहीत तिचं नाव घातलं. तिने सही मराठीत केली, जरा वाकडी, पण तिची तिने केली.

आता कामाचं. मंडळी, तुमच्या मोहल्ल्यात असं एखादं जुनं रजिस्टर, गणेशोत्सवाची वर्गणीवही, महिला मंडळाची यादी असेल तर फोटो काढून ठेवा. कंपूत कुठल्या वाड्यात कोण राहत होतं हे आठवत असेल तर खाली लिहा, फोन नंबर नको, फक्त आडनाव आणि गल्ली. आणि ज्यांचे आई-वडील एकटे आहेत त्यांनी आज रात्री फोन करून एवढंच विचारा, "आता ती मालिका संपल्यावर तिच्या जागी काय येणार आहे?" बघा, किती वेळ बोलतात ते.